पंचांग घेऊन पुळणीवर: दोघांनी केळशी ते कोळथरे चालायचं कसं

किनाऱ्याने पाच दिवस चालायचं ठरलं की सगळे आधी नकाशा उघडतात. आम्हीही तेच केलं होतं. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर केळशीपासून कोळथऱ्यापर्यंत बोटाने रेघ ओढली, किलोमीटरांचे पाच सारखे भाग केले आणि निघालो. चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला कर्द्याच्या दक्षिण टोकाच्या खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, अडकलो. पुढे पाणी, मागे चढतं पाणी, डावीकडे करवंदीची जाळी. माझा नवरा विनय शांतपणे म्हणाला, "अगं, तू भूगोल शिकवतेस ना?"

शिकवते. सांगलीत बावीस वर्षं सातवीच्या पोरांना भरती-ओहोटी शिकवते आहे. फळ्यावर चंद्र, सूर्य, पृथ्वी एका रेषेत काढते आणि बाजूला 'उधाण' असं लिहितेही. त्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणजे भर उधाण. करवंदीतून वर चढून रस्त्याला लागेपर्यंत विनयची पँट दोन ठिकाणी फाटली आणि आमचं बोलणं बंद झालं. पुढच्या वर्षी तोच रस्ता पुन्हा चाललो, तेव्हा सुरुवात नकाशापासून केली नाही, पंचांगापासून केली. तुम्हा दोघांना जायचं असेल तर तुम्हीही तिथूनच सुरू करा.

हिशेब जुना आहे आणि कोकणातल्या कुठल्याही खलाशाला तोंडपाठ असतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असं मोजायचं. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातला. तृतीयेला ओहोटी सव्वाआठला, चतुर्थीला नऊला, पंचमीला पावणेदहाला, षष्ठीला साडेदहाला. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, ती अशी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी बंदरावर कुणालाही विचारून घ्या किंवा फोनवर भरतीचं कोष्टक बघा. तारखा मात्र घरी बसून याच हिशेबाने ठरवायच्या.

ओहोटीच्या अलीकडचे अडीच आणि पलीकडचे अडीच तास, एवढाच काळ ओली, घट्ट, सपाट वाळू पायाखाली मिळते. त्यानंतर उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत पुळण. तिच्यावर पाठीवर ओझं घेऊन एक किलोमीटर चालणं डांबरी रस्त्यावरच्या तीनच्या बरोबरीचं आहे. म्हणून वद्य द्वितीयेला निघायचं आणि षष्ठीला संपवायचं. पाचही दिवस ओहोटी सकाळची मिळते. पौर्णिमा नुकतीच झालेली असल्यामुळे पाणी लांबवर मागे जातं आणि एरवी बुडालेली खडपं उघडी पडतात. शिवाय जेवणं आटोपेपर्यंत चंद्र वर येतो. शुद्ध पक्षातल्या द्वितीयेलाही ओहोटी तीच, पण चंद्रकोर दिवेलागणीलाच मावळते आणि मग तंबूचा खुंटा शोधायलाही बॅटरी लागते. अष्टमीच्या आसपास जाऊ नका. भांगाची भरती, पाणी धड आत नाही धड बाहेर नाही, आणि ओहोटी ऐन दुपारी बाराला.

महिना मार्गशीर्ष किंवा पौष. दिवाळीपर्यंत हवा दमट असते आणि मार्चात वाळू तापते. केळशीहून दक्षिणेला चालायचं, म्हणजे समुद्र कायम उजव्या हाताला. यात एक फायदा आहे जो नकाशावर दिसत नाही. पूर्वेला डोंगर असल्यामुळे सूर्य उगवला तरी पुळणीवर बराच वेळ सावली असते. साडेसहाला पाय टाकलात तर पहिले दीड-दोन तास टोपी पिशवीतच राहते.

रेल्वेने खेड, तिथून एसटीने दापोली, दापोलीहून केळशी. पहिली रात्र केळशीत घरगुती मुक्काम घ्या, तंबूची घाई नको. उत्सवाचे दिवस नसतील तर महालक्ष्मीच्या देवळाच्या आवारात कमालीची शांतता असते.

पहिला दिवस केळशी ते पाडले. केळशीची पुळण लांब आणि सोपी आहे, इथे हुरूप येतो आणि माणूस बूट काढून अनवाणी चालायला लागतो. विनयने तेच केलं. ओली वाळू पॉलिश पेपरसारखी असते. दोन तासांत त्याच्या अंगठ्यांखालची कातडी सोलवटली आणि उरलेले चार दिवस तो चिकटपट्ट्या लावून चालला. पट्ट्यांची सँडल वापरा, आत पातळ मोजे घाला, दिसायला कसंही दिसो. खडपांवर तर अनवाणी पाऊल टाकूच नका. कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या कापतात. उथळ पाण्यातून जावं लागलं तर पाय उचलून टाकू नका, घसटत न्या. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, दबून बसलेलं असतं, पाय घासत आला की ते निघून जातं. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाठायचं.

केळशीनंतर उटंबरचा डोंगर आडवा येतो, तिथे सरळ रस्ता धरा. कड्याखालून जाता येईल असं वाटतं, नाद सोडा. पलीकडे आड्याची खाडी. ओहोटीला ती इतकी लहान दिसते की गुडघाभर पाण्यातून दहा मिनिटांत पलीकडे जाऊ असं वाटावं. आम्ही उतरलोसुद्धा. पलीकडे तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत बसलेल्या एका बाईने ओरडून सांगितलं, "तिकडनं नका जाऊ, रुताल!" वरून पातळ वाळू आणि खाली मांडीपर्यंत काळा चिखल. विनयचा एक पाय गेलाच. तो काढताना सँडलचा पट्टा तुटला, तो आम्ही तंबूच्या दोरीने बांधला. खाडीसाठी माझा एकच नियम आहे: ज्या वाटेवर माणसांच्या पावलांचे ठसे नाहीत, तिथे आपलाही ठसा नको. रस्त्याने वळसा घ्या, तास गेला तर गेला.

पाडल्याला तंबू कुठे टाकायचा, हा मोठा प्रश्न. पुळणीवर टाकू नका. एक कारण उधाणाचं, दुसरं जास्त महत्त्वाचं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला येतात. केळशी, आंजर्ले, मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे, सगळीकडे घरटी सापडतात. गावातले कासवमित्र आणि वनखातं ती अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन जपतात. तंबू आणि बॅटरीचा उजेड दिसला की कासवीण अंडी न घालताच मागे फिरते. म्हणून गावात शिरायचं आणि एखाद्या वाडीच्या मालकाला विचारायचं.

विचारायचं कसं, यावर सगळं अवलंबून असतं. बाईने विचारावं. घरातल्या बाईला विचारावं. आणि 'कॅम्पिंग' हा शब्द काढू नये, त्याने लोक दचकतात, दारूच्या बाटल्या डोळ्यांसमोर येतात. "काकू, आम्ही नवराबायको केळशीहून चालत आलोय, रात्रीपुरता तुमच्या खळ्यात तंबू लावला तर चालेल का?" एवढं पुरतं. पाडल्याच्या काकूंनी आधी विचारलं, "चालत? गाडी बिघडली काय?" नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "मग कशाला?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. त्यांनी जागा दिली, मोरी दिली, विहिरीवर कळशी ठेवली आणि रात्रीच्या जेवणाचं विचारलं. पैसे घेतील की नाही याचा अंदाज न बांधता सकाळी जेवणाचे आणि जागेचे असे पैसे हातात ठेवावेत. ओळखपत्रं दोघांचीही जवळ असू द्या. लग्न झालेलं नसेल तर वाडीऐवजी सरळ घरगुती लॉज बघा, उगाच कुणाच्या अंगणात चौकशी ओढवून घेऊ नका.

वाडीत तंबू लावताना आधी वर बघा. नारळाखाली कधीही नाही. नारळ पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सुकलेली झावळही चांगली जड असते आणि वारा नसतानाही सुटते. सुरूच्या बनात जमीन गादीसारखी मऊ असते, पण ती सुकी पानं काडीसरशी पेटतात. तिथे उदबत्तीसुद्धा नको. सर्वांत उत्तम जागा म्हणजे सारवलेलं खळं किंवा भात काढून झालेलं शेत.

आता दाराची दिशा. दिवसा खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे, रात्री मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे, हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल याची गणती नाही. पण पहिल्या रात्री तंबूचं दार संध्याकाळच्या वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे डोंगराच्या बाजूला ठेवलं. पहाटे तीनला थंडगार मतलई सरळ तोंडावर यायला लागली, तेव्हा बावीस वर्षांचा धडा मला समजला. दार उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा, दोन्ही वारे कडेने जातात. वाळूमिश्रित जमिनीत साधे खुंटे धरत नाहीत. किराण्याच्या चार कापडी पिशव्या न्या, वाळूने भरा, तोंडाला दोरी बांधा आणि वीतभर खोल आडव्या पुरून टाका. वादळ आलं तरी हलणार नाहीत. दव एवढं पडतं की बाहेरचं कापड सकाळी पिळून काढावं लागतं, ते ओलंच बांधा आणि दुपारच्या विश्रांतीला झुडपावर पसरा. दव सुकायची वाट बघत बसलात तर ओहोटी निघून जाईल.

दुसरा दिवस मुद्दाम छोटा ठेवलाय, पाडले ते आंजर्ले. सकाळी दहाच्या आत पोचता. पायांना आराम द्या, कपडे धुवा. संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला चढून जा. मूर्ती उजव्या सोंडेची. वरून दक्षिणेला हर्णै आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसतो, म्हणजे उद्याचा अख्खा रस्ता डोळ्यांखाली. हा मुक्काम तृतीयेचा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी संकष्टी असते, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. जेवणाची सोय केली होती त्या घरच्या आजींनी विचारलं, "उद्या उपास ना तुम्हाला?" विनयने माझ्याकडे बघितलं. उपास करून बारा किलोमीटर चालू नका, बाप्पा रागावत नाही. आम्ही सकाळी पुन्हा दर्शन घेतलं आणि पोटभर खाऊन निघालो.

तिसरा दिवस आंजर्ले ते मुरूड. जोग नदीच्या खाडीवर आता पूल आहे, पूर्वी तरीतून जावं लागे. हर्णैला मासळीचा लिलाव संध्याकाळी रंगतो आणि होड्यांवरून मासळी आणायला बैलगाड्या थेट पाण्यात जातात. ते बघायचं असेल तर हर्णैतच थांबा आणि पुढचं वेळापत्रक बदला. सुवर्णदुर्गाला होडीने जाता येतं. 1755 साली कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला तोच हा किल्ला. आम्ही गेलो नाही. सामान कोणाकडे ठेवायचं यावर एकमत झालं नाही.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. विद्यार्थिदशेत परीक्षेला बसायला ते सोबत्यांबरोबर इथून कुंभार्ली घाटाने साताऱ्याला चालत गेले. पोचले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. चिकटपट्टी बदलता बदलता मी हे विनयला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांच्याकडे तंबू नव्हता ना पाठीवर." रात्री नवाच्या सुमारास माडांच्या मागून संकष्टीचा चंद्र वर आला.

चौथा दिवस मुरूड, कर्दे, लाडघर. मुरूड-कर्द्याची पुळण या वाटेवरची सर्वांत सरळ, मनसोक्त चालायची. पण पर्यटकांच्या गाड्या आणि पाण्यातले खेळ सुरू व्हायच्या आत, म्हणजे नवापूर्वी ती पार करा. एक लक्षात ठेवा: पुळण समुद्राकडे कललेली असते, त्यामुळे सतत उजवा पाय खाली पडतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. पाण्याच्या अगदी कडेचा सपाट पट्टा धरा. कर्द्याचं दक्षिण टोक आलं की खडपात न शिरता चढून रस्ता घ्या. कशासाठी सांगतेय ते वर आलंच आहे. लाडघरला पुळणीवर लालसर गोटे आहेत आणि त्यामुळे लाटही तांबूस दिसते. त्याला तामसतीर्थ म्हणतात.

पाचवा दिवस लाडघरहून बुरोंडीमार्गे कोळथरे. ओहोटी साडेदहाची, म्हणजे उशिरा निघणं आणि उन्हात चालणं. खडपं जास्त, रस्ताही चढउताराचा. हा दिवस सोपा आहे असं कुणी सांगितलं तर तो माणूस गाडीने गेला होता असं समजा. बुरोंडीला गोलार्धावर उभा असलेला परशुरामाचा पुतळा लांबूनच दिसतो, तो मागे पडला की पाणी भरून घ्या.

ओझ्याचं थोडक्यात. माझ्या पाठीवर सात किलो, विनयच्या दहा. तंबूचे दोन भाग करा, कापड एकाकडे, काठ्या आणि खुंटे दुसऱ्याकडे, म्हणजे रुसून कुणी एकटं पुढे गेलं तरी रात्रीपर्यंत परत यावंच लागतं. पाणी माणशी तीन लिटर. घाम इतका जातो की नुसतं पाणी पिऊन डोकं चढतं. कोकमाच्या आगळाची छोटी बाटली, साखर आणि मीठ जवळ ठेवा आणि दर तासाला एक पेला कोकम घ्या. फोन एकाचाच चालू, दुसऱ्याचा बंद करून तळाशी. रोख रक्कम दोघांत विभागून. कुठूनही मन उडालं किंवा पाय मोडला तर गावातून दापोलीची एसटी मिळते, शेवटच्या गाडीची वेळ आल्याआल्या विचारून ठेवा. अडचणीत 112.

स्टोव्ह आम्ही नेत नाही. रात्री घरगुती जेवण, सकाळी दडपे पोहे. आदल्या रात्री काकूंकडून अर्धा नारळ खवून घ्यायचा आणि शहाळ्याचं पाणी बाटलीत भरून ठेवायचं. पहाटे डब्यात पातळ पोहे, खोबरं, चिरलेला कांदा, मिरची, मीठ, साखर, लिंबू, वरून शहाळ्याचं पाणी शिंपडायचं आणि झाकण दाबून लावायचं. मग तंबू गुंडाळायला घ्यायचा. दोरी बांधून होईपर्यंत पोहे दडपलेले असतात. फोडणी नाही म्हणून विनय पहिल्या दिवशी कुरकुरला, तिसऱ्या दिवसापासून डबा तोच भरायला लागला. वाटेत खायला आमच्या सांगलीचं भडंग, ते दमट हवेत मऊ पडतं, म्हणून लहान लहान पुड्या करून न्या.

दोघांनी चालताना हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं. उंच माणूस पुढे गेला की तो शंभर पावलांवर थांबतो, दुसरा पोचला की लगेच निघतो, म्हणजे दमलेल्याला विश्रांती कधीच मिळत नाही. हे मी विनयला लग्नानंतर वीस वर्षांनी पहिल्यांदा कर्द्याच्या पुळणीवर पटवून दिलं. दुसरं, दुपारी तीननंतर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. मुक्कामाचं गाव, वाट, परतीची गाडी, सगळं सकाळी पोहे खाताना ठरवायचं. तीननंतर भूक, ऊन आणि गुडघा बोलत असतात. आणि लवकर उठायचं कुणी, यावर वाद घालायचा नाही, कारण ते पंचांगाने आधीच ठरवलेलं असतं. पहिल्या वर्षी साडेपाचला मी हलवून उठवायचे आणि विनय चिडायचा. दुसऱ्या वर्षी मी फक्त म्हणायचे, "सव्वाआठची ओहोटी आहे," आणि तो उठून बसायचा.

बायकांसाठी एक वेगळं. पुळणीवर आडोसा नसतो. वाडीतून निघताना जाऊन या आणि पुढच्या गावात शिरल्यावर निःसंकोच घर विचारा. मला एकदाही कुणी नाही म्हटलं नाही. पाळीची तारीख त्या पाच दिवसांत येत असेल तर पुढची वद्य द्वितीया बघा किंवा वाडीऐवजी रोज खोली घ्या, उगाच धाडस नको. आंघोळ चार-साडेचारला, ऊन असेपर्यंत. अंगावरचं मीठ धुतलं नाही तर रात्री झोप लागत नाही.

कोळथऱ्यात कोळेश्वराचं दर्शन घेऊन दापोलीची एसटी धरा. एक दिवस हाताशी असेल तर दाभोळला जा, तिथून फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर. घरी आल्यावर पहिलं काम तंबूचं. अंगणात उलटा करून वाळू झटका, साध्या पाण्याने धुवा, झीपचे दात जुन्या टूथब्रशने घासा, सुकल्यावर त्यावर मेणबत्ती फिरवा. आमची झीप पहिल्या वर्षी मिठाने जाम झाली होती आणि विनयला सकाळी दाराच्या खालच्या फटीतून सरपटत बाहेर यावं लागलं होतं.